अमेरिकन क्लॉक रेडिओ: स्टेप-डाऊन लावूनही घड्याळ मागे का पडतं?

उशापाशी

मंडळी, उशाशी ठेवायचा एक जुना अमेरिकन क्लॉक रेडिओ पुण्यात चालू करायचा आहे. लाल आकडे, स्टेशन लावायला फिरवायची चकती, वर स्नूझचं लांबट बटण, तळाला 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा कप्पा. लेबलवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, 6 वॅट असं छापलंय. 230 चे 110 करणारा 100 व्हीए क्षमतेचा स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावलाय, मीटरवर 112 व्होल्ट दिसतात. रेडिओ छान वाजतो. अडचणी तीन:

1. रात्री 10 ला वेळ बरोबर लावली तर सकाळी 6 वाजता घड्याळ 4:40 दाखवतं.
2. लाईट जाऊन घर इन्व्हर्टरवर आलं की हेच घड्याळ उलट पुढे पळतं.
3. पहाटे 5:30 चा गजर 'रेडिओ'वर ठेवला तर कधी नुसती खरखर येते, कधी काहीच नाही.

व्होल्टेज कमी पडतंय का? मोठा स्टेप-डाऊन घ्यावा का?

झीरो_क्रॉसिंग

मोठा घेऊ नका. 6 वॅटच्या यंत्राला 50 व्हीएचाही पुरतो, तुमचा 100 चा आहे. व्होल्टेजचा इथे संबंधच नाही.

8 तासांत 80 मिनिटं मागे, म्हणजे तासाला बरोबर 10 मिनिटं. या आकड्यातच उत्तर आहे. अशा घड्याळात क्वार्ट्झ, म्हणजे स्वतःचा ताल देणारा स्फटिक, नसतो. ते भिंतीतल्या विजेचे हेलकावे मोजतं: 60 मोजले की एक सेकंद. आपल्याकडे सेकंदाला 50 येतात, त्यामुळे त्याचा एक सेकंद व्हायला खरे 1.2 सेकंद लागतात. स्टेप-डाऊन व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ (सेकंदाचे हेलकावे) जसेच्या तसे पलीकडे देतो. म्हणूनच स्नूझही 9 ऐवजी पावणेअकरा मिनिटांनी वाजत असेल आणि 59 मिनिटांचा स्लीप टायमर 71 मिनिटं चालत असेल. बघा जुळतंय का.

(हाच घोळ सौदीहून आणलेल्या सेटमध्येही होतो. तिथे व्होल्टेज आपल्यासारखं पण वीज 60 हर्ट्झची. स्टेप-डाऊन लागत नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि घड्याळ मागे पडत राहतं. दुबई, लंडनच्या सेटला ही भानगड नाही, तिकडे 50 हर्ट्झच आहे.)

उपाय बहुधा तुमच्या सेटच्या आतच आहे. या काळातल्या लाल आकड्यांच्या सेटमध्ये बरेचदा सान्योची एलएम 8560 ही 28 पायांची आयसी (चिप) किंवा तिची भावंडं असतात. या आयसीला 50 की 60 हे सांगणारा एक स्वतंत्र पाय असतो. कारखाने एकच बोर्ड दोन्ही बाजारांसाठी वापरत, त्यामुळे त्या पायाजवळ एखादी रिकामी जम्परची (जोडतारेची) जागा किंवा सोल्डरचा टाका न घातलेले दोन ठिपके सापडतात, कधी शेजारी '50/60' छापलेलंही असतं.

उघडताना प्लग काढा आणि 9 व्होल्टची बॅटरीही काढा. तळाचे स्क्रू, त्यातला एखादा हमखास रबरी पायाखाली किंवा बॅटरीच्या कप्प्यात लपलेला. आयसीवरचा नंबर वाचा, त्याच नंबरची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडा आणि तो पाय कशाला जोडायचा ते तिथूनच घ्या. अंदाजाने टाका मारू नका. शेजारीच 12/24 तासांचा पाय असू शकतो. चुकून तो जोडला गेला तर घड्याळ 13:00, 14:00 दाखवायला लागेल. नुकसान काही नाही, टाका काढून पुन्हा करायचं. ट्रान्सफॉर्मरच्या ज्या बाजूला मुख्य वायर येते तिथे मात्र प्लग लावलेला असताना बोट जाता कामा नये. स्टेप-डाऊन बहुतेक ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, भिंतीपासून विलग करत नाहीत. 110 आहे म्हणून बेफिकीर राहायची सोय नाही.

चाचणीला रात्र घालवू नका. फोनवर स्टॉपवॉच लावा, घड्याळाचा मिनिटाचा आकडा पलटला की सुरू करा, सहा मिनिटांनी पाहा. पाचच मिनिटं झाली तर अजून 60 वरच आहे. सहा झाली तर काम झालं.

लोखंडी_कोअर

एक पर्याय: 60 हर्ट्झ देणारं क्रिस्टलचं छोटं सर्किट करून ते आयसीच्या मोजणीच्या पायाला द्यावं. घड्याळ क्वार्ट्झइतकं अचूक होईल, विजेवरचं अवलंबन संपेल.

झीरो_क्रॉसिंग

कागदावर बरोबर, पण या सेटला चालणार नाही. याचा डिस्प्ले डुप्लेक्स आहे: अर्धे सेगमेंट (आकड्याच्या रेघा) विजेच्या एका अर्ध्या हेलकाव्यात पेटतात, उरलेले दुसऱ्यात. आयसी कुठला गट कधी पेटवायचा ते त्याच मोजणीच्या पायावरून ठरवते. डिस्प्लेला पुरवठा 50 हर्ट्झचा आणि आयसीला ताल 60 चा दिला की दोघांची गाठ सुटते आणि आकडे एकमेकांत मिसळून लुकलुकायला लागतात. डिस्प्लेचा पुरवठाही त्याच तालावर आणावा लागेल, म्हणजे निम्मा सेट नव्याने बांधणं आलं. जम्पर आधी पाहा.

इन्व्हर्टरचं आता. स्वस्त इन्व्हर्टर साइन वेव्ह देत नाही, चौकोनी लाट देतो. तिच्या कडांवर टोकदार खडखडाट असतो. घड्याळ प्रत्येक चढ मोजतं आणि या खडखडाटातले एक-दोन चढही खरे समजून मोजतं, म्हणून पुढे पळतं. शिवाय अशा इन्व्हर्टरची फ्रिक्वेन्सीही तंतोतंत 50 नसते. स्टेप-डाऊन त्यावर भुणभुणतो आणि जास्त तापतो ते वेगळंच. घड्याळ इन्व्हर्टरच्या लायनीवर नसलेल्या सॉकेटवर ठेवा आणि लाईट गेल्यावर वेळ सांभाळायचं काम 9 व्होल्टच्या बॅटरीला करू द्या.

बॅटरीवर आकडे विझतात, तो बिघाड नाही. आत मोजणी चालू असते. ही मोजणी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर यांच्या जोडीवर चालते, त्यामुळे ती ढोबळ. दहा टक्के फरक म्हणजे तासाला सहा मिनिटं. प्लग अर्धा तास काढून ठेवा, परत लावल्यावर किती फरक पडला ते लिहून ठेवा, म्हणजे लाईट गेल्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळेल. परत आल्यावर 12:00 लुकलुकत असेल तर बॅटरी संपलेली आहे किंवा क्लिपचा संपर्क नाही. अल्कलाईनच घाला आणि वर्षाला बदला. साधी झिंक-कार्बन गळते आणि क्लिपवर हिरवट-पांढरा थर चढतो.

पहाटसभा

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. खरखर आणि शांतता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरखर येते कारण 5:30 ला स्टेशनच सुरू नसतं. आकाशवाणीच्या बहुतेक केंद्रांची पहिली सभा सहाच्या जरा आधी सुरू होते. चकती पुणे केंद्राच्या 792 किलोहर्ट्झवर असेल तर रेडिओ वेळेवर चालू होतो, पण त्याला ऐकवायला काहीच नसतं. साडेपाचला उठायचं तर चोवीस तास चालणारं एखादं खासगी एफएम लावून ठेवा किंवा गजराचा खटका 'बझर'वर न्या. आणि झोपण्यापूर्वी चकतीला हात लागला नाही ना ते पाहा. चकतीच्या सेटमध्ये केसभर सरकलं तरी पहाटे दोन स्टेशनांच्या मधला आवाज येतो.

काहीच न येण्याची कारणं सहसा दोन. पहिलं, आवाजाची चकती. रेडिओचा गजर रात्री जिथे आवाज ठेवलात तिथेच वाजतो. झोपताना हळू ऐकत होतात, तर पहाटे तितकंच हळू. पुष्कळ सेटमध्ये बझरचा आवाज या चकतीवर अवलंबून नसतो, म्हणून बझर ऐकू येतो आणि रेडिओ नाही.

दुसरं, तो बारीक ठिपका. 12 तासांच्या घड्याळात सकाळ-संध्याकाळ दाखवायला आकड्यांच्या डाव्या बाजूला एक ठिपका पेटतो. काही सेटवर तो दुपारनंतरचा, काहींवर सकाळचा. बाजूला छापलेलं असतं, पण काळ्यावर करडं, दिसत नाही. दुपारी बाराला आकडा 11:59 वरून 12:00 वर जाताना ठिपका पेटतो की विझतो ते पाहा. मग गजराचं बटण दाबून धरा आणि 5:30 सोबत ठिपका कसा आहे ते तपासा. वेळ आणि गजर यांचे ठिपके वेगवेगळे ठेवता येतात, तिथेच गफलत होते. तासाचं बटण दाबताना 5 पुढे निघून गेला तर पुढचा 5 बारा तासांनंतरचा, म्हणजे उलट ठिपक्याचा येतो; हवा तो 5 यायला आणखी एक फेरा मारावा लागतो. बरेच जण पहिल्या 5 वर थांबतात.

एएमवर सतत खर्र येत असेल तर एलईडी दिवा, फोनचा चार्जर आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर एकेक करून बंद करून पाहा. उशाशी चार्जर आणि रेडिओ शेजारी ठेवणं म्हणजे खरखर विकत घेणं. एएमचा अँटेना आत फेराइटच्या कांडीचा असतो, सेट टेबलावर पाव फेरा फिरवला की फरक कळतो. एफएमला मागून लोंबणारी पातळ वायर असते, साधारण 75 सेंटिमीटर. तिची गुंडाळी करून मागे खोचू नका, पूर्ण सोडा. काही सेटमध्ये ती वायरच नसते, प्लगची केबलच अँटेनाचं काम करते. तसं असेल तर केबल गुंडाळून ठेवू नका.

उशापाशी

आयसी एलएम 8560 च निघाली. शेजारी दोन रिकामे ठिपके होते, डेटाशीटशी जुळवून टाका मारला. सहा मिनिटांना सहा. स्नूझही आता नऊवर आलं. गजराचा ठिपका उलटाच होता. आभार.

दोन दिवसांत घड्याळ सुमारे दीड मिनिट मागे दिसतंय. हे काय?

झीरो_क्रॉसिंग

उत्तम. हा दीड मिनिट तुमच्या सेटचा नाही, ग्रिडचा आहे. आपल्याकडे फ्रिक्वेन्सी 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे, ती दिवसभर वरखाली होते. सरासरी 49.95 राहिली तर घड्याळ दिवसाला 86 सेकंद मागे पडेल. तुमचं त्याच्या निम्मं आहे. कधी पुढेही जाईल. आठवड्यातून एकदा जुळवत जा. तुलनेला, क्वार्ट्झमधला 20 पीपीएमचा (दहा लाखांत 20) फरक म्हणजे महिन्याला मिनिटाच्या आत.

आणि एक पाहून ठेवा: 60 हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर 50 वर थोडा जास्त तापतो. तुमचे 112 व्होल्ट 120 पेक्षा कमी आहेत ते त्याच्या पथ्यावर पडतं. चार तासांनी मागच्या बाजूला हात लावा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर बंद करा. कधी चुकून थेट 230 वर लावलात तर ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत पुरलेला थर्मल फ्यूज जातो. तो गेला की सेट एकदम मुका आणि आंधळा.

दोन_खंड

धागा उघडाच आहे तर विचारतो. माझा डिजिटल ट्यूनिंगचा आहे, अडॅप्टरवर '100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ'. घड्याळ बरोबर चालतं, पण पुण्याचं विविध भारती 101.0 फाटकं येतं, 98.3 मात्र स्वच्छ. एएमवर 792 लागतच नाही. शिवाय मार्चमध्ये घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं.

पहाटसभा

तिन्ही गोष्टी अमेरिकन बाजाराच्या खुणा.

तिकडचं एफएम 0.2 च्या पायरीने सरकतं आणि दशांशात विषम आकडाच असतो: 100.9, मग 101.1. मधला 101.0 त्याच्या शिडीवर नाही. 98.3 विषम म्हणून बरोबर बसतं. एएमला तिकडे 10 किलोहर्ट्झची पायरी, आपल्याकडे 9 ची. 792 हे 9 च्या पाढ्यात आहे, पण 10 च्या पायरीवर 790 नंतर थेट 800. 790 वर ऐकू येईल, किंचित चिरकं. नागपूरच्या 585 ला तर 580 आणि 590 दोन्ही सारखेच दूर, तिथे हाल जास्त.

काही सेटमध्ये 9/10 चा खटका बॅटरीच्या कप्प्यात किंवा मागे असतो, काहींमध्ये सेट बंद असताना एखादं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. आधी मॅन्युअलमध्ये पाहा. खटका बदलला की साठवलेली स्टेशनं पुसली जातात, ती लिहून ठेवा. खटकाच नसेल तर शिडी बदलत नाही, 101.0 साठी 100.9 आणि 101.1 मधलं जे कमी फाटेल ते घ्या.

एक तास पुढे जाणं ही तिकडची उन्हाळी वेळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. 2007 पूर्वीच्या सेटमध्ये तारखा एप्रिलचा पहिला आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. मेनूत 'डीएसटी' बंद करा. बंद करायची सोय नसेल तर वर्ष मुद्दाम चुकवू नका, तरीही ते उडी मारेलच. त्या दोन रविवारी सकाळी वेळ जुळवणं भाग आहे. तिकडच्या 'आपोआप वेळ लागते' म्हणणाऱ्या सेटमध्ये टाइम झोनही अमेरिकेचेच असतात, आपला साडेपाच तासांचा सापडणार नाही. कुठलाही झोन ठेवून तास-मिनिटं हाताने लावा. ज्यांना कोलोरॅडोतल्या 60 किलोहर्ट्झच्या प्रक्षेपकाकडून वेळ मिळते, त्यांच्या मनोऱ्याचं चिन्ह इथे लुकलुकतच राहतं. ते शोधणं बंद केलं तर बॅटरी जास्त टिकते.

लोखंडी_कोअर

पहिल्या प्रश्नकर्त्यासाठी हिशोब: स्टेप-डाऊन आणि सेट मिळून 10 वॅट धरले तर चोवीस तास चालू म्हणजे महिन्याला साधारण 7 युनिट. 100 व्हीएचा काढून तपकीर गल्लीतून (पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार) 50 चा घेतलात तर रिकामा तापण्यात जाणारी वीज थोडी वाचेल. घेताना गुंडाळीचाच घ्या, हातात जड लागला पाहिजे. प्रवासात इस्त्रीसाठी म्हणून मिळणारे हलके 'कन्व्हर्टर' लाट कापून देतात, त्यावर हे घड्याळ पुन्हा इन्व्हर्टरसारखंच वेडं होईल.