मदत हवी आहे: ओमेका एसमध्ये शब्दयादी रकान्याला जोडली, पण जुन्या नोंदी तशाच राहिल्या

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मोडी कागदांच्या स्कॅनची सूची ओमेका एसमध्ये (संग्रहांच्या ऑनलाइन सूचीचं सॉफ्टवेअर) करतोय. वर्षभर आम्ही चौघीजणी नोंदी भरतोय आणि ‘कागदाचा प्रकार’ हा रकाना मोकळाच ठेवला होता. परवा ‘महजर’ (तंट्याच्या निवाड्याचा कागद) शोधलं तर सात कागद आले. माझ्या एकटीच्या हातून याहून कितीतरी जास्त गेलेत! एकेक नोंद उघडून पाहिली तर महजर, महझर, मेहजर, महजरनामा. इनामपत्राचं तेच: ईनामपत्र, इनाम पत्र, कुठे नुसतं इनाम. कागदावर दिसलं तसं प्रत्येकीने उतरवलं, त्यात कुणाची चूक नाही. पण वतनाच्या तंट्यांचे महजर शोधत कुणी अभ्यासक आला, तर अर्धे कागद त्याला दिसणारच नाहीत. हे फार लागलं मनाला.

म्हणून कस्टम व्होकॅब मॉड्यूल (ठरावीक शब्दांची यादी करण्याची जोडणी) टाकून यादी केली: महजर, इनामपत्र, वतनपत्र, सनद, कौलनामा, ताळेबंद, खाजगी पत्र. मग रिसोर्स टेम्प्लेटमध्ये (नोंदीच्या साच्यात) डब्लिन कोअर या प्रमाणित रकान्यांच्या संचातला ‘टाइप’, म्हणजे आमचा ‘कागदाचा प्रकार’, उघडून डेटा टाइप म्हणून ही यादी निवडली. नव्या नोंदीत ड्रॉपडाउन येतो. जुनी नोंद उघडली की मात्र तोच मोकळा मजकूर. हजारभर नोंदी हाताने बदलायच्या का?

शिवाय जुन्या छायाचित्रांनाही ‘टाइप’ हाच रकाना आहे, तिथे ही यादी नको. आणि ‘महझर’ हे मूळ रूप पुसायला जीव होत नाही.

प्रतिसाद

ताई, हाताने काही करू नका. ओमेका एसमध्ये प्रत्येक व्हॅल्यूसोबत (रकान्यात भरलेल्या मजकुरासोबत) तिचा डेटा टाइपही साठवलेला असतो. तुमच्या जुन्या व्हॅल्यू ‘टेक्स्ट’ म्हणून साठल्यात, टेम्प्लेट बदललं म्हणून त्या बदलत नाहीत.

ओळख क्रमांक आणि प्रकार एवढे दोनच रकाने असलेली सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) बनवा आणि ओपनरिफाइन या माहिती साफ करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. प्रकाराच्या रकान्यावर टेक्स्ट फॅसेट लावला की वेगवेगळी सगळी रूपं, कोणतं किती वेळा आलंय त्यासकट, बाजूला दिसतात. तिथे ‘महझर’चं ‘महजर’ केलं की त्या रूपाच्या सगळ्या ओळी एकदम बदलतात. पण त्याआधी रकान्याची एक प्रत करून ठेवा. मूळ रूप तिथे राहील, ते ‘वर्णन’मध्ये न्या.

मग ओमेकाच्या सीएसव्ही इम्पोर्ट मॉड्यूलमध्ये ‘रिव्हाइज’ निवडा, ओळख क्रमांकावरून नोंदी जुळवा आणि प्रकाराच्या रकान्याला डेटा टाइप म्हणून तुमची यादी द्या. ‘अपडेट’ नको, त्यात रिकामा कप्पा असला की आधीचा मजकूरही जातो. बॅकअप घ्या, पहिल्यांदा पाचच कागद करून बघा.

छायाचित्रांची काळजी नको. यादी सरसकट ‘टाइप’ला लागत नाही, त्या टेम्प्लेटमधल्या ‘टाइप’पुरतीच लागते. छायाचित्रांना वेगळं टेम्प्लेट करा, त्याला वेगळी यादी.

धागाकर्ती

दादा, पाच कागदांवर जमलं! जुन्या नोंदीतही ड्रॉपडाउन आला, मूळ रूपही वर्णनात गेलं. मनापासून आभार.

यादी कायमची करण्याआधी एकच विचारते, मोडी वाचणाऱ्यांनी सांगावं: कौलनामा (कौल म्हणजे आश्वासन दिल्याचा कागद) आणि अभयपत्र (अभय दिल्याचा कागद) एकाच नावाखाली घ्यावेत की वेगळे ठेवावेत?