कैरोत पपायरसच्या (त्याच नावाच्या पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाच्या) दुकानात जावं का?

प्रश्न: पुढच्या महिन्यात इजिप्तला चाललोय, आईबाबा पण आहेत. टूरवाल्याने गिझाच्या पिरॅमिडनंतर 'पपायरस इन्स्टिट्यूट' टाकलंय. बघण्यासारखं असतं की नुसतं गळ्यात मारतात?

भटक्या: नाव इन्स्टिट्यूट, बहुतेकदा दुकानच असतं ते, गाईडचं कमिशन ठरलेलं. पण डेमो फुकट आणि मस्त, पपायरसच्या दांड्याची हिरवी साल सोलून आतल्या पांढऱ्या गराच्या पट्ट्या काढतात, भिजवतात, लाटून पाणी काढतात, मग आडव्या-उभ्या मांडून प्रेसमध्ये दाबतात, डिंकबिंक काही नाही. करकदे देतील, लाल अंबाडीच्या बोंडांचा चहा, तो बिनधास्त प्या आणि घासाघीस करा.

नाईलकाठची: रस्त्यावरचं स्वस्तातलं बऱ्याचदा केळीच्या पानांचं असतं बरं का. उजेडाकडे धरून बघायचं, पट्ट्यांची जाळी दिसली पाहिजे, हळूच गुंडाळल्यावर तडकलं तर राहू दे. चित्र छापील आहे का हाताने काढलंय तेही विचारा, भाव त्यावरच.

पुणेकर७७: पपायरसचा कागद बनवायची ही कला तिथे पार विसरली गेली होती, १९६० च्या दशकात हसन रगब यांनी परत उभी केली. आता शारकिया प्रांतातल्या करामूस गावात शेतात पपायरस लावतात आणि तिथेच कागद बनवतात. वेळ असेल तर तिकडेच जा ना, दुकान काय, कधीही होईल.