मदत हवी आहे: इंटरनॅशनल बिझनेसमधे एमबीए करायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, मी लातूरचा, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला हाय. आयआयएफटीला (इंटरनॅशनल बिझनेसचं एमबीए शिकवणारी सरकारी संस्था) आता कॅटच्या (एमबीएची प्रवेश परीक्षा) स्कोअरवरच घेतेत म्हणून तयारी सुरू केली, पण मराठी मीडियममुळं इंग्रजी उतारे वाचण्यातच टाइम संपायलाय. दुसरा विचार यूकेतल्या प्री-मास्टर्सचा (मास्टर्सच्या आधीचा तयारीचा कोर्स), पण आयईएलटीएसचा (तिकडं लागणारी इंग्रजीची परीक्षा) स्कोअर २ च वर्षं चालतो, मग आत्ताच देऊ का थांबू?

वडलांची मोंढ्यात आडत हाय, म्यानमारची तूर आली की इथले भाव पडतेत हे लहानपणापासून बघायलो, पण पुस्तकात एफओबी आन सीआयएफ ह्या आयात-निर्यातीच्या सौद्यातल्या अटी आल्या की डोकं गरगरतंय राव, जहाजाचं भाडं कुणी भरायचं हेच परवा इंटर्नलला उलटं लिहून आलो 😅 सोपं पुस्तक असंल नायतर कुणी ह्या वाटेनं गेलं असंल तर सांगा.