गावाकडची मांजर लातूरला आणायची आहे, घरात अडीच वर्षांची लेक आहे. कसं करावं?

औशाची लेक, लातूर

नमस्कार. आम्ही लातूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, खालचा मजला. माझं माहेर औसा तालुक्यात. तिथल्या शेजारच्या मावशी आता कायमच्या मुलाकडं पुण्याला चालल्यात आणि त्यांची मांजर मागं राहतीय. ठिपकी. तीनेक वर्षांची असेल. ज्वारीच्या पोत्यांवर झोपायची, घरात उंदराला थारा नाही. मावशींनी विचारलं, "तू नेतीस का?" मी लगेच हो म्हणाले. कुलूप लावलेल्या माळवदाच्या घरापाशी ती एकटी वाट बघत बसणार, हे मला सहनच होईना.

माझी लेक जनावर दिसलं की दोन्ही हात पसरून पळत सुटते, शेळीची करडंसुद्धा तिला भितात. ठिपकीला लहान लेकराची अजिबात सवय नाही. सासूबाई म्हणतात, मांजराचा केस पोटात गेला की दमा लागतो. मिस्टर म्हणतात, सोडून द्यायची घरात, आपोआप जमतंय. मला दोन्ही पटत नाही. ओरखडलं तर? घाबरून बाहेर पळाली आणि गाडीखाली आली तर? ज्यांच्याकडं मांजर आणि लेकरू दोन्ही आहे त्यांनी कृपया नीट सांगा. दिवाळीच्या आधी आणायची आहे.

परभणीची आई

ताई, तुम्ही हो म्हणालात हे फार चांगलं केलंत. पण घरात एकदम सोडू नका. मोठं मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. तिची जागा सुटणार, वर अंगावर धावत येणारं लेकरू, म्हणजे ती पलंगाखाली शिरणार आणि हात घातला की ओरखडणारच.

आणताना झाकणाची टोपली घ्या, झाकण दोरीनं बांधा. निघायच्या चार-पाच तास आधीपासून खायला देऊ नका, यष्टीत उलटी होते. आणि ती ज्या पोत्यावर झोपते ते पोतं न धुता सोबत आणा. तिच्या वासाची तेवढी एक वस्तू नव्या घरात तिला फार धीर देते.

दोनपैकी एक खोली आधी तिची. पोतं, पाणी, खाणं आणि दूरच्या कोपऱ्यात तिच्या शी-शूसाठी घमेल्यात बारीक वाळू. दार बंद. या काळात लेकीचं वापरलेलं झबलं तिच्या पोत्याजवळ ठेवा आणि ठिपकीच्या अंगावरून फिरवलेलं फडकं लेकीला लांबून दाखवा, "ही ठिपकीची गोधडी" म्हणून. दोघींची ओळख आधी वासानं होऊ द्या. ठिपकी नीट खायला लागली, तुमच्यासमोर अंग चाटत बसायला लागली, की दार उघडायचं.

पहिल्या भेटीत लेकीला मांडीवर घेऊन खाली बसा. मांजर येईल तर येईल, नाही तर नाही. लेकीला एकच गोष्ट शिकवा: ठिपकीकडं आपण जायचं नाही, ती आपल्याकडं येते. आली की एका हातानं, पाठीवरून, केसांच्या दिशेनं. पोट आणि शेपटी नाही. आमच्या पोरानं हे कापडी मांजरावर शिकलं. तरी अडीच वर्षांच्या लेकराच्या भरवशावर काही सोडता येत नाही. मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, स्वयंपाक करता करता लक्ष ठेवणं चालत नाही. ठिपकीचे कान मागं चपटे झाले, शेपटी आपटायला लागली, पाठीची कातडी थरथरली, की लेकीला उचलून घ्या. मांजराला उचलू नका, तेव्हाच चावा बसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उंच जागा. फडताळाचा वरचा कप्पा रिकामा करा, तिथं पोतं टाका, मधे चढायला एखादी पेटी ठेवा. लेकराचा हात पोचणार नाही अशी हक्काची जागा मिळाली की मांजराला पंजा काढायची गरजच पडत नाही. खोली लहान असली तरी चालेल, पण ही जागा हवीच.

दार उघडलं की घमेलं मोरीत हलवा आणि मोरीच्या दाराला साखळी अशी लावा की मांजर जाईल एवढीच फट राहील. वाळूचं घमेलं आत, लेकरू बाहेर.

अंबाजोगाईचा सोयाबीनवाला

गावच्या मांजराला कोंडून ठेवणं मला बरं वाटत नाही. आमच्या शेतातल्या आखाड्यावर चार आहेत, मोकळी फिरतात, नातवंडांसोबत खेळतात. दोन दिवसांनी दार उघडा, तिची ती शिकेल. फक्त आसपास कुणी उंदराचं औषध टाकलंय का बघा. मेलेला उंदीर खाऊन आमचा एक चांगला बोका गेला.

परभणीची आई

काका, आखाड्यावर ठीक आहे. लातूरच्या गल्लीत दोन दिवसांनी सोडली तर ती औशाची वाट शोधत निघेल. किमान तीन आठवडे आत, खिडक्यांना जाळी. पुढचं पुढं.

उदगीरचा पशुवैद्य

ताई, आणल्या आठवड्यातच दवाखान्यात दाखवा. आमच्याकडं उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, लातुरातही दाखवता येईल. रेबीजची लस, जंताचं औषध, पिसवांचं औषध आणि मादी आहे तर नसबंदी. पिसवांचं औषध मांजराचंच घ्या. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येतात.

लेकरू असलेल्या घरात एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. अर्ध्या गोळीनंही जीव जातो. लेकीच्या तापाचं सिरप सांडलं तर लगेच पुसा, आणि मांजराला ताप आलाय म्हणून घरचं औषध कधीच पाजू नका. फरशीला काळं फिनेलही नको, ती पाय चाटते.

सासूबाईंना सांगा, ॲलर्जी केसामुळं होत नाही, मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनामुळं होते. ज्याला ती आहे त्याला मात्र धाप लागू शकते, म्हणून त्यांची काळजी अगदीच निराधार नाही. लेकीला आधीपासून घरघर होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच आणा.

ओरखडलं किंवा चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या, रेबीजची लस तिथं मोफत मिळते. 'घरचीच मांजर आहे' म्हणून थांबू नका.

औशाची लेक, लातूर

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. लेकीला घरघर वगैरे काही नाही. पण एक राहिलंच. नणंद पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडंच येणार आहे, सातवा लागला की. गरोदर बाईनं मांजराजवळ राहू नये म्हणतात. मग काय करावं?

उदगीरचा पशुवैद्य

मांजर घरात असू द्या, घमेलं मात्र त्यांनी साफ करायचं नाही. टॉक्सोप्लाझ्मा हा पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो आणि बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणून वाळू रोज, दुसऱ्या कुणीतरी बदलायची. ठिपकीला कच्चं मटण देऊ नका. नणंदबाईंनी मटण पूर्ण शिजवूनच खावं, भाजी नीट धुवावी, मातीत हात घातला तर साबणानं धुवावेत. माणसाला ही लागण बऱ्याचदा त्याच वाटेनं होते. त्यांच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे पहिल्याच भेटीत सांगा. बाळ झाल्यावर बाळंतिणीच्या खोलीचं दार बंद ठेवा. मांजर ऊब शोधतं, पाळण्यात जाऊन बसतं.

औशाची लेक, लातूर

कळलं. घमेलं मिस्टरांकडं, ते हो म्हणालेत. मोरीची साखळीही आज तेच लावतायत. उद्या गंजगोलाईतून झाकणाची टोपली आणते आणि मावशींना फोन करून सांगते, पोतं धुऊ नका म्हणून.