मदत हवी आहे: गनमन व्हायचंय, सर्टिफिकेट आहे पण ट्रेनिंग झालेलंच नाही

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा आणि या लाइनमधले कोणी असाल तर प्लीज लिहा.

मी 27 वर्षांचा, बारावी पास, साडेचार वर्षं सिक्युरिटीत आहे, साधा गार्ड म्हणजे गेटवरचं रजिस्टर, गाड्यांची एंट्री, रात्रीचे राउंड. आता आमच्याकडे गनमनची जागा निघालीय आणि सुपरवायझर म्हणतात तुझं नाव देतो. पगार वाढेल हे आहेच, पण मला ते काम खरंच नीट शिकून करायचंय.

अडचण अशी की नोकरीला लागताना आधीच्या एजन्सीने मला जे ट्रेनिंग सर्टिफिकेट दिलं त्यावर 160 तास छापलंय, 100 तास वर्गात आणि 60 तास फिल्डवर, पसारा कायद्याच्या (खासगी सिक्युरिटी एजन्सींचा कायदा) नियमात तसंच आहे, कमीत कमी 20 दिवस चालवायचं असतं. मी प्रत्यक्षात दोन दुपार बसलोय. सॅल्यूट कसा करायचा ते दाखवलं, आग विझवायच्या सिलिंडरची पिन कुठे असते ते लांबून दाखवलं, फोटो काढले, चार कागदांवर सह्या घेतल्या, झालं. तेव्हा नोकरीची गरज होती, काही बोललो नाही. आता तोच कागद दाखवून मला हातात बंदूक देणार म्हणतायत आणि मला झोप लागत नाहीये.

आमच्या पॉइंटवर एक काका आहेत, फौजेतून रिटायर, स्वतःच्या लायसनची बारा बोअरची डबल बॅरल आहे त्यांची. ड्युटी संपली की ते आधी नळी माणसांपासून लांब, जमिनीकडे करतात, मग बंदूक मधून उघडतात, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकतात आणि काडतूस बसतं त्या दोन्ही भोकांत करंगळी घालून चाचपतात. मी विचारलं, काका काढली की तुम्ही आत्ताच, परत कशाला? तर म्हणाले अंधारात डोळ्यावर भरवसा नाही ठेवायचा, बोटाला कळलं पाहिजे. रोज हेच, एकदाही चुकत नाही. मला हे असं कोणी शिकवलंच नाहीये.

गेल्या आठवड्यात सुपरवायझर काकांना म्हणाले, बंदूक इथेच ठेवून जा, रात्री हा घेऊन उभा राहील, चालवायची थोडीच आहे, नुसती दिसायला. काकांनी तोंडावर सांगितलं, बंदूक माझ्याबरोबर येते आणि माझ्याबरोबर जाते. त्या दिवशी ते होते म्हणून सुटलो, पण ते सुट्टीवर गेले की परत हाच विषय निघणार, कुठून तरी दुसरी बंदूक आणून देतील.

तर आता मी काय करू? ट्रेनिंग परत पहिल्यापासून करता येतं का, का आधी लायसनचा अर्ज टाकायचा? आणि एका ठिकाणी दहा दिवसांत गनमन कोर्स, लायसनसकट अशी जाहिरात बघितली, त्यात काही खरं असतं का? जाणकारांनी मार्गदर्शन करा.

प्रतिसाद १

भाऊ, मी स्वतः माजी सैनिक, आता कॅश व्हॅनवर आहे. पहिलं हे लक्षात घे की दुसऱ्याच्या लायसनची बंदूक हातात घ्यायची नाही, नुसती दिसायला पण नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे लायसन नसताना बंदूक बाळगली की केस, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी 2 वर्षं, जास्तीत जास्त 5 वर्षं शिक्षा आहे. पकडला गेलास तर सुपरवायझर येणार नाही सोडवायला. काकांनी दिली असती तर ते पण अडकले असते. बंदूक बँकेच्या किंवा कंपनीच्या लायसनवर असेल तर त्यात रिटेनर म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने बंदूक बाळगणारा माणूस म्हणून, तुझं नाव चढलेलं पाहिजे, ते बघितल्याशिवाय हात लावू नको.

आता ट्रेनिंगचं. तू 160 तास खरेखुरे केले असतेस तरी बंदूक आलीच असती असं नाही बरं का. केंद्राच्या नमुना नियमात विषयांची यादी आहे, प्रथमोपचार, आग, गर्दी सांभाळणं, ओळखपत्रं तपासणं, त्यात हत्यार हाताळणं हा विषय ऐच्छिक ठेवलाय. आम्हा फौजी लोकांना 40 तास वर्गात आणि 16 तास फिल्डवर असा छोटा कोर्स असतो कारण हत्यार आधीच हातात बसलेलं असतं, तुला तसं चालणार नाही.

लायसन 21 पूर्ण झालेल्यालाच मिळतं, तुझं वय बसतंय. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे, मग पोलीस व्हेरिफिकेशन. 2016 च्या शस्त्र नियमात सुरक्षित हाताळणीच्या ट्रेनिंगचं वेगळं सर्टिफिकेट आहे, एस-1 म्हणतात. तुझं खरं शिक्षण तिथे होईल. लायसन देणं सरकारचं काम, कोर्सवाला लायसनसकट म्हणाला की तिथून निघायचं. आणि कामासाठी घेतोयस हे अर्जात स्पष्ट लिही.

प्रतिसाद २

मी गार्ड लोकांना शिकवते म्हणून लिहिते. कोर्स परत करायला काही अडचण नाही दादा, मान्यता असलेल्या इन्स्टिट्यूटला जा आणि हत्याराचा ऐच्छिक भाग घेताय असं प्रवेशाच्या वेळीच सांगा. आधी एक दिवस नुसतं बसून बघा, डमी काडतूस वापरतात का, एका बंदुकीमागे किती मुलं उभी करतात ते बघा. वीस जण एका बंदुकीभोवती असतील तर काही हाताला लागत नाही. फायरिंगची प्रॅक्टिस रायफल क्लबमध्ये होते. होमगार्डचा पण विचार करा, तिथे कवायत होते आणि पसारा कायद्यात नोकरीसाठी होमगार्डमधून आलेल्यांना प्राधान्य आहे.

धावणं सुरू करा, 1 किलोमीटर 6 मिनिटांत लागतं. स्वसंरक्षणाची कलमं नव्या पुस्तकातून वाचा, जुन्या नोट्समध्ये भारतीय दंड संहितेची 96 ते 106 असतील, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ती 34 ते 44 झालीयत. ही तोंडपाठ करायची नाहीत, समजून घ्यायची आहेत. समोरचा पळत सुटला तर गोळी घालता येते का, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारते आणि अर्ध्याहून जास्त वर्ग हो म्हणतो.

धागाकर्ता

ताई, मी पण हो म्हणालो असतो, खरं सांगतो.

दादा, तुमचं वाचून आज सुपरवायझरना सांगितलं की लायसन हातात येईपर्यंत साध्या ड्युटीवरच ठेवा. चिडले, नाव दुसऱ्याचं देतो म्हणाले. देऊ दे. त्या दुसऱ्या मुलाला मी हा धागा पाठवलाय. काकांना एस-1 बद्दल विचारलं तर रविवारी क्लबमध्ये घेऊन जातो म्हणाले. तिथे पहिल्या दिवशी काय काय विचारून घेऊ ते सांगून ठेवा.