एकच अ‍ॅड्रेनलिन, हृदयाला वेगळं आणि कातडीला वेगळं कसं काय सांगतं?

प्रश्नकर्ता: हॉर्मोन एकदा रक्तात सुटलं की ते सगळीकडे जाणारच ना, मग अ‍ॅड्रेनलिनने हृदय धडधडायला लागतं, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि श्वासनलिका उलट सैल पडतात, हे कसं? पुस्तकात 'कुलूप-किल्ली' म्हणून मोकळे झालेत, डोक्यात काही शिरत नाही.

पेशीवाला: हॉर्मोनला कुठे जायचं हे ठाऊकच नसतं हो. ज्या पेशीकडे त्याचा रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रोटीन, आहे ती ऐकते, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. आणि अ‍ॅड्रेनलिनचे रिसेप्टर अनेक प्रकारचे, हृदयात मुख्यतः बीटा-१, श्वासनलिकेत बीटा-२, कातडीच्या रक्तवाहिन्यांत अल्फा-१, आणि प्रत्येकाची आतली यंत्रणा निराळी. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल बीटा-२ साठीच निवडलेलं असतं, तरी डोस जास्त झाला की छातीत धडधडतंच.

निशाचर: शिवाय अ‍ॅड्रेनलिन पेशीत शिरतच नाही, बाहेरच चिकटतं. बीटा रिसेप्टर असेल तर आतल्या बाजूला जी-प्रोटीन जागं होतं, ते एका एन्झाइमला कामाला लावतं, ते एन्झाइम एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूपासून भराभर सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीतला आतला निरोप्या, बनवत सुटतं, आणि अशा पायऱ्यांमध्ये निरोप वाढतच जातो म्हणून इतकंसं हॉर्मोन पुरतं. शास्त्रज्ञ अर्ल सदरलँडना १९७१ चं नोबेल मिळालं ते सायक्लिक एएमपीच्या कामासाठीच.

प्रश्नकर्ता: अच्छा! मग कॉर्टिसॉल या हॉर्मोनचंही असंच का?

निशाचर: छे, ते स्टेरॉइड, चरबीत विरघळणारं, सरळ पेशीचं आवरण ओलांडून आत जातं. रिसेप्टर आतच बसलेला असतो, तो त्याला घेऊन केंद्रकात जातो आणि डीएनएवर बसून काही जीन्स चालू करतो, काही बंद. नवीन प्रोटीन बनायचं म्हणजे वेळ लागणारच, तासन्‌तास. अ‍ॅड्रेनलिनचा खेळ काही मिनिटांत आटोपतो.

पेशीवाला: आटोपण्यावरून आठवलं, निरोप थांबवणं हेही तितकंच महत्त्वाचं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मज्जातंतूने स्नायूला आकुंचन पाव म्हणून अ‍ॅसिटिलकोलिन हे निरोपाचं रसायन पाठवलं की एक एन्झाइम ते तिथल्या तिथे मिलिसेकंदांत तोडून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं तेच एन्झाइम निकामी करतात, मग निरोप थांबतच नाही, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू आधी फडफडतात आणि नंतर पार ढिले पडतात, श्वासाचेसुद्धा. तेव्हा अ‍ॅट्रोपिन हे औषध देतात, ते काही रिसेप्टर अडवून धरतं. स्नायूंवरचे नाही पण, तिथले वेगळ्या प्रकारचे.