महामारी करार आणि 'सार्वभौमत्व गेलं' म्हणणारे

गौरी_के
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारं पत्रक काल 'रोखठोक' यांनी इथेही डकवलं: जागतिक आरोग्य संघटनेचा महामारी करार झाला, आता जिनिव्हातल्या तिच्या मुख्यालयातून हुकूम सुटणार, पुण्यात लॉकडाऊन लागणार, देशाचं सार्वभौमत्व संपलं. दोन ओळींत उत्तर देणार होते, राहवलं नाही.

20 मे 2025 ला करार मंजूर झाला. आदल्या दिवशी समितीत मतदान झालं तेव्हा बाजूनं 124, विरोधात शून्य, तटस्थ 11. अमेरिका आधीच रुसून बसलेली. त्या करारातच लिहिलंय की लॉकडाऊन, लससक्ती, प्रवासबंदी यातलं काहीही देशांवर लादायचा अधिकार संघटनेला नाही. मार्च 2020 मध्ये आपल्याकडे चार तासांत सगळं बंद झालं, ते काय जिनिव्हानं केलं होतं?

खरं भांडण वेगळंच आहे. विषाणूचा नमुना गरीब देशानं द्यायचा, लस श्रीमंतानं बनवायची आणि नमुना देणाऱ्याला रांगेत शेवटी उभं करायचं. इंडोनेशियानं 2007 मध्ये बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं ते यावरूनच. आता सामील होणाऱ्या कंपन्यांनी महामारीत उत्पादनाच्या 20% माल संघटनेला द्यायचा, त्यातला किमान निम्मा फुकट, असं ठरतंय. यात आपलं नक्की काय गेलं?

रोखठोक
ताई, वाचता मलाही येतं. 20% म्हणजे कुणाचे? लसी बनतात पुण्यात हडपसरला, सीरममध्ये. एप्रिल 2021 मध्ये माझे सासरे पिंपरीत तीन दिवस पहाटे पाचपासून रांगेत उभे राहिले, तिन्ही दिवस 'साठा संपला'. चौथ्या दिवशी ताप आला. तोवर साडेसहा कोटी डोस आपण परदेशी धाडले होते. हेच आता कायद्यानं करायचं? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

फार्मा_नाशिक
सासऱ्यांचं वाईट वाटलं. पण त्यातले बरेचसे डोस विकलेले होते, दान केलेले नव्हेत. आणि नंतर आपण नळ बंद केला, त्याचं काय? गरीब देशांना लस पुरवणाऱ्या जागतिक योजनेचा, कोव्हॅक्सचा, बराचसा भार हडपसरवर होता. आफ्रिकेत पहिला डोस घेतलेले दुसऱ्यासाठी ताटकळले. आपणच कशाला, मार्च 2021 मध्ये इटलीनंही ऑस्ट्रेलियाला निघालेले अडीच लाख डोस अडवले. सगळे एकाच माळेचे मणी. म्हणून तर आधी लिहून घ्यायचं.

सुलूमावशी_लीड्स
लिहून घेतलेलं कोण पाळतं रे! ऑक्टोबर 2021, इकडे ब्रिटनमध्ये लेकीचं बाळंतपण. आम्ही दोघं कोव्हिशील्डचे दोन-दोन डोस घेऊन गेलो, तर तिथे आम्ही 'लस न घेतलेले'! दहा दिवस माडीवरच्या खोलीत. खाली नातू रडतोय आणि जावई जिन्यात ताट ठेवून जातोय. लस तीच, ऑक्सफर्डची. त्याच वर्षी ब्रिटननं स्वतः पुण्याहून 50 लाख डोस नेले होते. म्हणे लस मान्य आहे, सर्टिफिकेट मान्य नाही. आमचं विमान उतरलं आणि आठवड्याच्या आत नियम बदलला. आमचे दिवस मात्र कुणी कमी केले नाहीत.

कोव्हॅक्सिनग्रस्त
मावशी, तुम्ही नशीबवान. कोव्हॅक्सिनला संघटनेनं मान्यता दिली थेट 3 नोव्हेंबर 2021 ला. माझं सप्टेंबरचं ॲडमिशन होतं. विद्यापीठाचं उत्तर: 'आमच्या यादीत नाही.' सेमिस्टर गेलं, डिपॉझिट गेलं.

रोखठोक
बघा! आणि याच संघटनेच्या हातात आणखी कारभार द्या म्हणताय.

फार्मा_नाशिक
कोव्हॅक्सिनची कागदपत्रं तपासायला वेळ लागला यात संघटनेचा दोष काय? आपल्याकडे तिसऱ्या टप्प्याचे निकाल यायच्या आधीच जानेवारीत परवानगी देऊन मोकळे झाले होते.

कोव्हॅक्सिनग्रस्त
म्हणजे मी देशी लस घेतली ही माझी चूक? केंद्रावर जी होती ती टोचली. निवडायला ते काय साडीचं दुकान होतं?

फार्मा_नाशिक
असं मी म्हटलेलं नाही. शब्द तोंडात घालू नका.

सुलूमावशी_लीड्स
भांडू नका रे. पण आपणही सरळ नाही हं. 4 ऑक्टोबरपासून आपणही ब्रिटिशांना दहा दिवस कोंडायला लागलो, त्यानंतर आठवडाभरात तिकडची बंदी उठली. कोंडलं तेव्हा वठणीवर आले.

आबा_मस्कत
1994, सुरतेचा प्लेग. आखाती देशांनी भारताची विमानं बंद केली. मी मस्कतला, आई दापोलीला अत्यवस्थ. सुरत कुठे, दापोली कुठे! तेराव्यालासुद्धा पोचलो नाही. तेव्हा कुठलं सार्वभौमत्व शाबूत होतं ते रोखठोकरावांनी सांगावं. आणि हे नवं नाही. 1896 ला मांडवीत प्लेग निघाला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसला देशोदेशीचे प्रतिनिधी बसले, मुंबईहून येणाऱ्या बोटींचं काय करायचं ते ठरवायला. आपल्याला विचारलं कुणी? इंग्रज बोलले आपल्या वतीनं.

रोखठोक
आबा, आईंबद्दल ऐकून वाईट वाटलं. पण तुमचीच गोष्ट माझा मुद्दा सांगते. रोग लपवला नाही की शिक्षा होते. दक्षिण आफ्रिकेनं नोव्हेंबर 2021 मध्ये ओमायक्रॉन प्रामाणिकपणे कळवला, आठवड्याच्या आत विमानं बंद. हा करार ते थांबवेल का? गौरीताई, हो की नाही तेवढं सांगा.

गौरी_के
नाही. प्रवासबंदी घालण्यापासून तो कुणालाच अडवत नाही. नमुने आणि लसवाटपाचं परिशिष्ट पूर्ण झाल्याशिवाय तो सह्यांना खुलासुद्धा होत नाही, आणि 60 देशांनी स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. दात नाहीत, कबूल. पण मग ज्याला दात नाहीत तो तुमचं सार्वभौमत्व चावणार कसा? एक काय ते ठरवा: राक्षस की बुजगावणं?

रोखठोक
बुजगावण्यासाठी तीन वर्षं वाटाघाटी करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. पत्रकातलं लॉकडाऊनचं वाक्य मागे घेतो. बाकी मजकूर तसाच.

नवा_गडी
धागा अर्धाच वाचलाय, माफी. पुढच्या महिन्यात नैरोबीला चाललोय. यलो फीव्हरचं कार्ड 2012 चं आहे, दहा वर्षं उलटून गेली. परत टोचून घ्यावं लागेल का?

फार्मा_नाशिक
नाही. जुलै 2016 पासून ते आजन्म धरतात, जुनी कार्डंसुद्धा. सगळ्या देशांनी मिळून केलेला नियम आहे.

सुलूमावशी_लीड्स
तरी नियमाची प्रिंट जवळ ठेव रे बाळा. काउंटरवरच्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं.